मोटारीच्या दाराची कांच

जगांत कांहीं वस्तू अशा आहेत कीं, त्या आपलें काम जितकें चोख करितात, तितक्या त्या आपल्या दृष्टीस कमी पडतात. चष्मा स्वच्छ असला म्हणजे डोळ्यांस जग दिसतें, चष्मा दिसत नाहीं. विहिरीचें पाणी गोड असलें म्हणजे तहान भागते. त्या पाण्याचें वर्णन करीत कोणी बसत नाहीं. मोटारीच्या दाराची कांच याच जातीची होय. तिच्यांतून आपण रस्ता पाहतों, झाडें पाहतों, ओळखीचा मनुष्य दिसला तर हात करितों. परंतु खुद्द तिच्याकडे पाहण्याचा प्रसंग ती फुटल्यावांचून येत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तो प्रसंग आमच्यावर आला. त्या निमित्तानें जें पाहिलें, ऐकलें व शिकलों, तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची मोटार जुनी आहे. तिचें नांव प्रीमियर पद्मिनी. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें जी '११००' जातीची गाडी तयार होत असे, तिलाच पुढें हें राणीचें नांव मिळालें. शतक पालटण्याच्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती त्यानंतरही पुष्कळ वर्षें रस्त्यावर दिसत होती. परंतु तेथें टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें सन २०२३ च्या आक्टोबर महिन्यांत तीही सेवा संपली. खाजगी गाड्या मात्र दर पांच वर्षांनीं तपासणी व नोंदणीचें नूतनीकरण करून अद्यापि चालतात, आणि त्यांपैकींच एक आमची. ती वेगानें जात नाहीं, आणि तिचा आम्हांस मोठा अभिमान आहे असेंही नाहीं. परंतु आमच्या मातोश्रींस तिची संवय आहे. त्यांचें वय एक्याऐंशी. डोळ्यांत कांचबिंदु झाल्यापासून दर महिन्यास त्यांना डॉक्टरांकडे न्यावें लागतें. नव्या उंच गाड्यांत त्यांच्यानें चढवत नाहीं. या गाडीचें पुढचें डावें दार उघडलें म्हणजे त्या आपण होऊन बसतात, खिडकीच्या कांठाशीं कोपर टेकतात, आणि सारा रस्ता बाहेर पाहत असतात. जेवढी दृष्टि उरली आहे तेवढीचा उपयोग त्या अशा रीतीनें करितात.

श्रावणांतील एके सकाळीं आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेंत यंत्रानें गवत कापण्याचें काम चाललें होतें. यंत्राच्या फिरत्या दोरीखालीं सांपडून एक खडा उडाला, आणि उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या नेमक्या त्या डाव्या खिडकीवर येऊन आदळला. गाडींत कोणी नव्हतें. गवत कापणाऱ्या बिचाऱ्याचाही यांत कांहीं दोष नव्हता. क्षणभर सारी कांच पांढरी पडली, कोळ्यानें जाळें विणावें तशा रेषा तिच्यावर उमटल्या, आणि दार हलवितांच ती सबंध खालीं ढासळली. आसनावर, पायाखालच्या सतरंजीवर आणि दाराच्या पोटांत खडीसाखरेसारख्या खड्यांचा ढीग पडला. मातोश्री बाहेर आल्या. "आई, हात लावूं नकोस," असें आम्ही म्हणतों तोंच त्यांनीं चार खडे उचलून तळहातावर घेतलेही होते. त्यांचें बोट कापलें नाहीं. "ही कांचच आहे ना?" त्यांनीं विचारलें, "मग लागत कशी नाहीं?"

प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर शोधण्यांत युरोपांतील विद्वानांचीं शेंकडों वर्षें गेलीं आहेत. सतराव्या शतकांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें कांचेचे कांहीं चमत्कारिक थेंब आले. प्रिन्स रूपर्ट या राजपुत्राच्या नांवानें ते आजही ओळखले जातात. वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत सोडला म्हणजे त्यास बेडकाच्या पिलाप्रमाणें एक लांब शेपूट येतें. या थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाहीं. परंतु शेपटीचें टोंक चिमटींत धरून मोडलें कीं, सबंध थेंबाचा एका निमिषांत भुगा होतो. याचें कारण असें कीं, पाण्यांत पडतांच थेंबाची बाहेरची बाजू प्रथम निवते व कठीण होते. आंतला भाग सावकाश निवतो आणि निवतांना आकुंचन पावूं लागतो. पण बाहेरचें कवच आतां हलत नाहीं. त्यामुळें आंतला भाग कायमचा ताणलेला राहतो व बाहेरचा कायमचा दाबलेला राहतो. कांच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र तिला सोसत नाहीं. तिला तोडावयाचें तर अगोदर बाहेरचा दाब नाहींसा करावा लागतो. म्हणून ती बळकट होते. पण एकदां का चीर ताणलेल्या भागापर्यंत पोहोंचली, कीं सांठलेला सर्व ताण एकदम मोकळा होतो आणि कांचेचे लहान लहान तुकडे पडतात.

या तत्त्वाचा उपयोग करून फ्रान्समध्यें द ला बास्ती या गृहस्थानें सन १८७४ त कांच टणक करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. तो तापलेली कांच तेलाच्या कुंडांत बुडवीत असे. आज कांच सुमारें ६५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. अशी कांच साध्या कांचेच्या सुमारें चौपट बळकट असते, आणि फुटलीच तर तिच्या सुऱ्या न होतां बोथट कडांचे खडे होतात. मातोश्रींच्या तळहातावर होते ते हेच. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. ही कांच एकदां टणक झाली म्हणजे ती कापतां येत नाहीं, घांसून लहान करतां येत नाहीं, कीं तिला भोंकही पाडतां येत नाहीं. जें मापाचें करावयाचें तें भट्टींत जाण्यापूर्वींच करावें लागतें.

चालकासमोरची मोठी कांच निराळ्या जातीची असते. सन १९०३ मध्यें बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक कांचेची कुपी खालीं पडली. ती तडकली, पण तिचे तुकडे विखुरले नाहींत. कारण तिच्यांत पूर्वीं ठेविलेलें सेल्युलोज नायट्रेटचें द्रावण वाळून आंतून त्याचा पातळ पापुद्रा बसला होता. त्यावरून पुढें दोन कांचांमध्यें पारदर्शक पापुद्रा घालून जोडकांच करण्याची युक्ति निघाली. समोरची कांच फुटली तरी जागेवर राहावी व तीमधून कोणी बाहेर फेंकला जाऊं नये, म्हणून तेथें जोडकांच. दाराची कांच मात्र फुटावयाची तर पूर्ण फुटावी, कोणास इजा करूं नये, व अपघातांत दार अडकलें असतां आंतील मनुष्यास तेथून बाहेर पडतां यावें, म्हणून तेथें बहुधा टणक कांच. एकाच गाडींत दोन कांचांस फुटण्याचे दोन निरनिराळे धर्म शिकविलेले असतात, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें.

आतां नवी कांच बसवावयाची हा प्रश्न उभा राहिला. पाऊस चालू होता. खिडकीस प्लॅस्टिकचा कागद चिकटविला होता व तो वाऱ्यानें रात्रभर फडफडत होता. मातोश्रींची डॉक्टरांकडे जाण्याची तारीख बारा दिवसांवर आली होती. अशा वेळीं सल्ला देणाऱ्यांस तोटा नसतो. एका स्नेह्यानें सांगितलें कीं, तसबिरींच्या चौकटी करणाराकडून साधी कांच कापून घ्यावी. आपल्या गाडीची कांच सपाट आहे, अर्ध्या तासांत काम होईल, आणि खर्चही चौथा हिस्सा. दुसऱ्यानें ॲक्रिलिकचा पत्रा सुचविला. तसबिरीवाल्यानें तर माप घेण्यासाठीं टेपही काढली. "कांच ती कांच," तो म्हणाला, "बसली म्हणजे कोणाला कळतें, साहेब?"

त्याचें म्हणणें एका अर्थीं खरें होतें. बसल्यावर कोणालाही कळलें नसतें. साधी कांच तितकीच पारदर्शक असती, तितकीच चकाकली असती, आणि कदाचित् वर्षानुवर्षें निर्वेध चालली असती. पण ज्या दिवशीं दुसरा खडा आला असता, किंवा कोण्या वाहनाचा धक्का लागला असता, त्या दिवशीं तिचे वीतभर लांबीचे धारदार भाले झाले असते. आणि त्या भाल्यांच्या शेजारीं बसणारा मनुष्य कांच विकणारा नव्हता, माप घेणारा नव्हता, गाडी हांकणारे आम्हीही नव्हतों. तेथें एक वृद्ध बाई कोपर टेकून बसणार होती. मोटारीच्या कांचा सुरक्षित जातीच्याच असल्या पाहिजेत असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दंडक आहे, व तो केवळ कागद वाढविण्यासाठीं केलेला नाहीं. ॲक्रिलिक फुटून कापत नाहीं हें खरें. पण पुसतां पुसतां त्यावर ओरखडे पडतात, आणि रात्रीं समोरून दिवे आले म्हणजे त्या ओरखड्यांतून सर्व धुरकट दिसतें. जिची दृष्टि मुळांतच धुरकट झाली आहे, तिच्यापुढें आणखी एक धुकें आम्हीं कसें उभें करावें? तसबिरीवाल्यास आम्हीं नमस्कार केला व परत आलों.

शोधास निघण्यापूर्वीं आमच्या मिस्त्रींनीं एक उपयुक्त गोष्ट सांगितली. हे मिस्त्री सत्तरीच्या घरांत आहेत, व त्यांचा जन्म या जातीच्या गाड्या दुरुस्त करण्यांत गेला आहे. ते म्हणाले, "मास्तर, तोंडी माप सांगूं नका. उजव्या दाराची कांच काढून देतों, तिचा कागद कापून घ्या. कांच सपाट आहे, तेव्हां कागद उलटा केला कीं डाव्या दाराचा झाला." त्याप्रमाणें खाकी कागदावर पेन्सिलीनें रेषा ओढून आम्हीं नमुना कापला व गुंडाळी करून हातांत घेतली. जेथें शब्दांनीं घोटाळा झाला असता, तेथें या कागदानें आमचें रक्षण केलें.

प्रथम पुण्याच्या नाना पेठेंत गेलों. मोटारींच्या सुट्या भागांची ती मोठी पेठ. बहुतेक दुकानदार पद्मिनीचें नांव ऐकून हंसले. एकानें मात्र माळ्यावरून धुळीनें माखलेली एक कांच काढली. कागद लावून पाहतां वरची बाजू जुळली, पुढची जुळली; मागची तिरपी कड दोन सूत कमी भरली. "तेवढें जाड रबर लावून भागेल," असें दुकानदार म्हणाला. परत घेण्याच्या बोलीनें ती कांच आम्हीं मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं ती दारांतील खांचेंत धरून बोटानें हलविली; ती टकटक वाजली. "दोन सूत इथें कमी म्हणजे वर चढतांना कांच तिरकी होणार," ते म्हणाले. "तिरकी झाली कीं मशीनचा दांता खाणार. जाड रबर घालून दाबली तर खड्ड्यांत दार आपटेल त्या दिवशीं फुटणार. कांच चौकटींत बसत नाहीं, मास्तर; ती रुळांत चालते." कांच परत गेली. दुकानदारानेंही बोलीप्रमाणें पैसे दिले, हें येथें नमूद केलें पाहिजे.

पुढल्या रविवारीं जुन्या बाजारांत हिंडलों. तेथें दिवे, आरसे, दाराच्या मुठी, घड्याळें असें सर्व कांहीं होतें, कांच नव्हती. अखेरीस मिस्त्रींच्या ओळखीनें मुंबईस कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे चौकशी लागली, आणि आम्ही कागदाची गुंडाळी घेऊन सकाळच्या गाडीनें निघालों. ज्या कुर्ल्यांत ही मोटार जन्मास आली, त्याच कुर्ल्यांत तिचे अवयव ढिगाऱ्यांत पडलेले पाहून मनास कांहींसें वाटलें. सेवा संपलेल्या टॅक्सींचीं दारें तेथें एकावर एक रचलेलीं होतीं. कित्येकांवर पिवळ्या रंगाच्या खुणा अजून शाबूत होत्या. चौथ्या कीं पांचव्या दारांत एक अभंग कांच निघाली. कागद लावला, चारी बाजू रेषेवर रेष बसल्या. खालच्या कोपऱ्यांत कारखान्याचा शिक्का होता व ती टणक कांच असल्याचा निर्देश होता. किती उतारू तिच्यांतून हा अफाट शहराचा देखावा पाहत गेले असतील, त्याची गणती कोण करणार! भंगारवाल्यानें ती पोत्यांत गुंडाळून दिली व म्हणाला, "कडेला जपा. मधें बुक्की मारली तर चालेल, कड आपटली तर गेली." रूपर्टच्या थेंबाचें शेपूट आम्हांस तत्क्षणीं आठवलें. शास्त्राच्या पुस्तकांत वाचलेला सिद्धांत हा मनुष्य हातांनीं शिकला होता.

कांच बसविण्यापूर्वीं आम्हीं ती एक दिवस शाळेंत आणली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत प्रकाशाचें ध्रुवीकरण करणाऱ्या दोन पट्ट्या आहेत. एकीवर दुसरी आडवी धरली म्हणजे पलीकडचा प्रकाश दिसेनासा होतो. त्यांच्यामध्यें खिडकीची साधी कांच धरून मुलांस दाखविली. अंधार तसाच राहिला. मग मोटारीची कांच धरली. अंधारांत उजळ व काळसर ठिपक्यांची एक नक्षी उमटली. हवेचे झोत जेथें जेथें लागले होते, तेथील ताण-दाबांची ती खूण होती. नववीच्या वर्गांतील एका मुलानें विचारलें, "सर, म्हणजे ही कांच रोजच ताणांत असते?" आम्हीं म्हटलें, "होय. आणि त्या ताणामुळेंच ती बळकट आहे." मुलें पुन्हा पुन्हा पट्ट्यांतून पाहत राहिलीं, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हलेना.

शनिवारीं दुपारीं मिस्त्रींनीं काम हातीं घेतलें. आमची कल्पना अशी होती कीं, जुनी कांच गेली आहे, नवी आंत सोडली कीं झालें. परंतु त्यांचा पहिला तास कांचेस हात न लावतांच गेला. दाराची मूठ व आंतला पुठ्ठ्याचा पॅड काढून त्यांनीं दाराच्या पोटांतील सर्व खडे ब्रशानें गोळा केले. नंतर दार खालून पाहून ते म्हणाले, "हें बघा." दाराच्या बुडाशीं तीन बारीक भोंकें होतीं व तीं माती आणि कांचेच्या चुऱ्यानें बुजलीं होतीं. खिडकीच्या कांचेवरून ओघळणारें पावसाचें पाणी थोडें तरी दारांत उतरतेंच. तें कोणी अडवूं शकत नाहीं, आणि गाडी घडविणारानें तें अडविण्याचा हट्टही धरलेला नाहीं. त्यानें पाण्यास आंत येऊं दिलें आहे, आणि बाहेर जाण्यास वाट ठेविली आहे. ती वाट बुजली म्हणजे पाणी सांचतें, पत्रा गंजतो, व दोन पावसाळ्यांत दाराचें बूड गळून पडतें. मिस्त्रींनीं तारेनें भोंकें मोकळीं केलीं व तांब्याभर पाणी ओतून तें खालून निथळतें कीं नाहीं हें पाहिलें.

मग दोन्ही बाजूंच्या खांचांतील झिजलेल्या बनातीच्या पट्ट्या काढून नव्या बसविल्या. कांचेच्या खालच्या कडेस रबराची पट्टी लावून ती लोखंडी पन्हळींत बसवावी लागते. तेथें त्यांनीं हातोडी वापरली नाहीं, लांकडी मोगरीनें हळू हळू ठोकून ती जागेवर आणली. कांच वरून तिरपी आंत सोडली, खांचांत सरळ केली, आणि वर-खालीं करणाऱ्या यंत्राचा हात पन्हळींत अडकविला. मूठ फिरवितांच कांच वर निघाली. मध्यावर ती किंचित् अडखळली. आम्हांस तेवढ्यानें समाधान वाटलें होतें. पण मिस्त्रींनीं ती पुन्हा उतरविली, दोन बोल्ट सैल केले, यंत्र केसभर सरकविलें, व पुन्हा आवळलें. या वेळीं ती थेट वरपर्यंत निःशब्द गेली. खिडकींत कागदाची एक पट्टी धरून त्यांनीं कांच लावली व पट्टी ओढून पाहिली. ती चारी ठिकाणीं सारख्याच बेतानें निघाली. "फार घट्ट नको, फार सैल नको," ते म्हणाले. "घट्ट बसली म्हणजे नीट बसली असें नव्हे." शेवटीं बादलीभर पाणी बाहेरून ओतलें. आंत थेंब आला नाहीं. खालच्या तीन भोंकांतून मात्र पाण्याच्या तीन धारा शांतपणें वाहूं लागल्या. पॅड परत बसला, आणि तें सर्व श्रम दृष्टीआड झाले.

ठरलेल्या दिवशीं मातोश्री डॉक्टरांकडे गेल्या. पाऊस होता. त्यांनीं संवयीप्रमाणें कोपर टेकलें, कांच अर्धी उतरविली, पुन्हा चढविली, आणि बाहेर पाहूं लागल्या. पुलावरून जातांना "नदीला पाणी पुष्कळ आलें आहे," एवढेंच त्या बोलल्या. कांचेविषयीं त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, व आम्हींही आठवण करून दिली नाहीं. त्यांना नदी दिसली, यांत मिस्त्रींचें सर्व काम आलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें यंत्रज्ञ होईल, कोणी व्यापारी, कोणी वैद्य, कोणी शिक्षक. प्रत्येकाच्या आयुष्यांत असा प्रसंग पुन्हा पुन्हा येणार आहे कीं, समोर दोन वस्तू असतील, दोन्ही दिसावयास सारख्या असतील, त्यांतील एक स्वस्त व लवकर मिळणारी असेल, आणि कोणीतरी सहज म्हणेल, "बसल्यावर कोणाला कळतें?" त्या वेळीं किंमतीचा विचार अवश्य करावा, पैसा श्रमाचाच असतो. पण त्याबरोबर आणखीही एक विचार करावा: या वस्तूच्या शेजारीं कोण बसणार आहे? खांब उभारणारा मनुष्य बहुधा त्या छपराखालीं राहत नाहीं. औषध बांधणारा तें पीत नाहीं. धडा शिकविणाराला त्या धड्यावर जन्म काढावयाचा नसतो. ज्याला तेथें बसावयाचें आहे, तो निवड करतांना बहुधा हजर नसतो. त्याच्या वतीनें निवड करणें यालाच आम्ही प्रामाणिकपणा म्हणतों.

आणि दुसरें हें कीं, योग्य वस्तु मिळाली म्हणजे अर्धेंच काम झालें. ती आपल्या जागीं रुळली पाहिजे. आणि त्यासाठीं अगोदर जुना चुरा काढावा लागतो, बुजलेल्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात, व केसभर चूक राहिली तरी पुन्हा उतरवून बसविण्याचा धीर धरावा लागतो. हें काम करणाऱ्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नसतात. पुढच्या खेपेस मोटारींतून, आगगाडींतून किंवा साध्या एस. टी. च्या खिडकींतून तुम्ही बाहेरचा देखावा पाहाल, तेव्हां एक क्षणभर त्या कांचेच्या कोपऱ्याकडे नजर टाका. तेथें एक लहानसा शिक्का असेल. तो वाचा, आणि मग खुशाल पुन्हा बाहेर पाहा.